टेस्ट पास, पण मेसेज गंडलेला

लिनक्स कर्नलच्या टेस्ट कोडमध्ये सोपं काहीतरी करून बघू म्हणून मी फॉर्मॅट स्ट्रिंगच्या (मेसेजमध्ये कुठे कसली व्हॅल्यू छापायची ते %डी वगैरे खुणांनी सांगणारी ओळ) वॉर्निंग घेतल्या, वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे, त्यात दोन दिवस गेले.

भानगड अशी की केयुनिटमध्ये, म्हणजे कर्नलच्या युनिट टेस्टच्या चौकटीत, असर्ट (टेस्टमधली तपासणी) फेल झालं तर आपला स्वतःचा मेसेज छापता येतो, अगदी सी भाषेतल्या प्रिंटएफसारखा. पण टेस्ट रोज पास होत असेल तर ती ओळ कधी छापलीच जात नाही ना! त्यात असर्टच्या मॅक्रोंच्या मागच्या फंक्शनला प्रिंटएफचं ॲट्रिब्यूट (खुणा आणि व्हॅल्यू जुळतात का ते तपास, असं कंपायलरला सांगणारं) नव्हतं, म्हणून कंपायलरही गप्प. ते २०२४ मध्ये लागलं. आमच्या जुन्या ब्रांचवर तो बदल मी उचलून आणला, बिल्ड मारलं आणि आमच्याच ड्रायव्हरच्या टेस्टमधून सतरा वॉर्निंग बाहेर आल्या.

पहिल्यांदा मी शहाणपणा केला, दिसेल तिथे इंटमध्ये कास्ट. वॉर्निंग गेल्या, पण ६४ बिटची व्हॅल्यू अर्धी कापून छापायची तर मेसेज कशाला हवाय? सगळं परत काढलं. मग साइझ-टी (आकार मोजायचा टाइप) साठी %एलयू टाकलं, माझ्या ६४ बिट मशीनवर एकदम क्लीन, आणि ३२ बिट आय३८६ ला बिल्ड केल्यावर परत बोंब, कारण तिथे साइझ-टी म्हणजे अनसाइन्ड इंट. त्याला %झेडयूच पाहिजे. यू६४ (६४ बिट अनसाइन्ड) ला मात्र कर्नलमध्ये सगळीकडे %एलएलयू चालतं, आणि पीटीआर-एर (पॉइंटरमधून एरर कोड काढणारं फंक्शन) लाँग परत देतं म्हणून %एलडी.

हे नुसतं नटणं नाहीये हां. ३२ बिटवर यू६४ ला %डी दिलं की पुढची सगळी आर्ग्युमेंट सरकतात, आणि पुढे %एस असेल तर तो भलत्याच आकड्याला पॉइंटर समजून वाचायला जातो, म्हणजे टेस्ट का फेल झाली ते सांगता सांगता कर्नलच आडवा होऊ शकतो.

शेवटी मी प्रत्येक टेस्ट मुद्दाम फेल करून मेसेज डोळ्यांनी वाचले. कंटाळवाणं काम, पण एका ठिकाणी "हवं होतं" आणि "मिळालं" हे दोन आकडेच उलटे छापले जात होते! दोन्ही यू३२, कंपायलर बिचारा काय बोलणार. तो वेगळा पॅच केला, स्वतःच्या फिक्सेस टॅगसकट (कुठल्या जुन्या कमिटची चूक दुरुस्त केली ते सांगणारी ओळ), आणि टॅगसाठी जुना कमिट शोधला तर तो माझाच निघाला.