आईच्या डोळ्यांचा आलेख

"याचे डोळे ओळीवर टिकतच नाहीत हो. काहीतरी व्यायाम सांगा." खुर्चीत टेकायच्या आधीच आईंनी सांगून टाकलं. मुलगा नऊ वर्षांचा, डिस्लेक्सियाचं, म्हणजे अक्षरं-उच्चार जुळवून वाचणं जड जाण्याचं, निदान नुकतंच झालेलं. आता हीपण वाचायला लावणार, या धास्तीनं अंग चोरून बसलेला.

मी ऑर्थोप्टिस्ट. दोन्ही डोळे जोडीनं कसे चालतात हे बघायचं, हे माझं काम. पेनाचं टोक हळूहळू त्याच्या नाकाकडे आणलं. पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत दोन्ही डोळे आत वळले, एकही सुटला नाही. आळीपाळीनं डोळे झाकून पाहिलं, टॉर्चच्या मागे फिरवून पाहिलं. सगळं चोख. नंबरही नाही.

मग बुबुळांची हालचाल टिपणाऱ्या यंत्रासमोर बसवलं. वाचताना डोळे ओळीवरून घरंगळत जात नाहीत, उड्या मारतात. सराईत वाचक दर उडीनंतर साधारण पाव सेकंद थांबतो. आलेखात त्याचा जिना दिसतो. याला त्याच्या इयत्तेचा उतारा दिला, तर जिना कसला, काटेरी कुंपण! एकाच शब्दावर तीन-तीन थांबे, पुन्हापुन्हा मागे.

"बघा, मी म्हणत नव्हते?" आई.

मी पहिलीच्या पुस्तकातल्या चार ओळी दिल्या. पायऱ्या जरा रुंद, पण जिना उमटला. डोळे तेच, पाचच मिनिटांपूर्वीचे.

खरं सांगायचं तर पूर्वी अशा मुलांना मीही महिनोन्‌महिने पेन्सिलीचे व्यायाम दिलेत. डोळे जवळ बघताना खरंच आत वळत नसतील, तर त्यांचा उपयोग होतो. पण डिस्लेक्सियावर डोळ्यांचे व्यायाम हा उपाय नाही, हे अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 सालीच संयुक्त निवेदनात सांगितलं होतं. माझ्या वाचनात ते फार उशिरा आलं.

"आता तुम्ही बसा," मी आईंना म्हटलं आणि आरशात दिसावा तसा उलटा छापलेला उतारा लावला. त्या दुसऱ्याच शब्दाला अडखळल्या. मुलगा उठून पडद्याशी आला, वाकून बघू लागला.

"ए, आईचे पण मागे जातायत!"

आल्यापासून पहिल्यांदाच हसला.

अक्षर आणि उच्चार यांची सांगड पहिल्यापासून घालून देणाऱ्या विशेष शिक्षिकेसाठी मी चिठ्ठी लिहिली. "आणि व्यायाम?" आईंनी दारातून विचारलंच. नाही म्हणून पुन्हा समजावलं. तोवर हा आईच्या आलेखाची प्रिंट मागत होता. आईंना विचारून दिली.