पाळीचं पाणी आणि मत्तयाचा पाचवा अध्याय

डोंगरावरच्या प्रवचनात येशूनं सांगितलंय की तुमचा स्वर्गीय पिता पूर्ण आहे, तसे तुम्हीही पूर्ण व्हा. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायाचं हे शेवटचं वचन. चर्चच्या शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या मुलांच्या वर्गात, आमच्याकडून पाठ करून घ्यायचे, आणि पुढं बरीच वर्षं मला ते भारी जड वाटायचं. मातीत राबणाऱ्या माणसानं देवासारखं पूर्ण व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं? उत्तर त्याच्या आधीच्या चार-पाच वचनांतच आहे. वैऱ्यांवर प्रीती करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा. कारण देव आपला सूर्य दुष्टांवर उगवतो तसाच चांगल्यांवरही उगवतो, आणि पाऊस नीतिमानांच्या रानात पाडतो तसाच अनीतिमानांच्याही. देवाचं पूर्णपण येशूनं दाखवलं ते इथं, त्याच्या देण्यात. त्यातून तो कुणाला वगळत नाही.

आम्ही नेवासा तालुक्यातले. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचं पाणी आमच्या भागात येतं, पण आमची जमीन टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला. आवर्तन, म्हणजे धरणातून ठरावीक काळानं सोडलेलं पाणी, सुटलं तरी पाणी आमच्यापर्यंत कधी पोचेल याची खात्री नसते. त्यामुळं सगळी भिस्त विहिरीवर. ही विहीर सामाईक आहे. सातबाऱ्यावर आमची आणि ह्यांच्या चुलत भावाची, दोघांची नावं. मी त्यांना भाऊजी म्हणते. बांधावरून वाद झाला तेव्हापासून ते आमच्याशी बोलत नाहीत. रविवारी एकाच चर्चमध्ये बसतो, एकाच भाकरीतलं प्रभुभोजन घेतो, आणि बाहेर आल्यावर ते मान वळवून निघून जातात.

मध्यंतरी एका एप्रिलमध्ये अवकाळीनं झोडपलं. उन्हाळी कांदा काढून पातीसकट वावरात पडलेला, कांदाचाळीत साठवायचाच बाकी, आणि वरून गारा. आमचा गेला, भाऊजींचा गेला, पलीकडच्या वस्तीवरच्यांचाही गेला. त्या आठवड्यात एक बाई मला समजावायला लागल्या की कुठंतरी पाप असेल, म्हणून देवानं शिक्षा केली. माझा जीव तुटला हे ऐकून. लूकच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली. येशूनं लोकांना विचारलं, ती माणसं यरुशलेमेतल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच म्हणाला, नाही. तुम्ही मात्र पश्चात्ताप करा. ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडं बोट दाखवायची मुभा प्रभूनं कुणालाच दिली नाही. देवाचा मार्ग अव्यंग आहे असं अठरावं स्तोत्र म्हणतं, त्यावर माझा विश्वास आहे. पण गारा का पडल्या ते मला ठाऊक आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. सडलेला कांदा उचलून बांधावर टाकताना मी हेच म्हणत होते की देवा, तुझं चुकत नाही आणि मला कळतही नाही, दोन्ही खरं आहे.

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांची मुक्ती मिशन ही संस्था केडगावची, म्हणजे आमच्या नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं. दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. पुढं 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. 1897 च्या दुष्काळात ह्याच बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या. बायबल साध्या मराठीत आणायचं काम त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलं. एवढं सोसलेली बाई देवावर रुसून बसली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण त्यांनी दुसऱ्यांची ताटं भरली. भरवशाचं याहून मोठं उदाहरण मला आपल्या मुलखात तरी दिसत नाही.

माझा भरवसा बघायचा असेल तर विहिरीवर यावं लागेल. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. कधी डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळते, कधी फ्यूज जातो, आणि ज्याची पाळी चालू असते त्याचे तास बुडतात. रिवाज असा की बुडाले ते बुडाले, पाळी पुढं सरकते. आमच्या घरी आता तसं करत नाही. भाऊजींच्या पाळीत लाईट गेली तर तेवढे तास आमच्या पाळीतून त्यांना सोडतो. मुलगा वहीत लिहून ठेवतो. आमचे बुडालेले तास ते भरून देत नाहीत. चालायचं. पाऊस पाडताना देवानं त्यांचं वावर कोरडं ठेवलं नाही, मग मोटारीचं बटण माझ्या हातात आहे म्हणून मी ते कोरडं ठेवणार का?

ऐन उन्हात कांद्याचं रोप माना टाकत असतं आणि आमच्या पाळीचे तास दुसऱ्याच्या पाटानं वाहत असतात, तेव्हा पोटात कालवतं. त्या वेळी मला लांबलचक प्रार्थना सुचत नाही. ‘प्रभू, त्यांचाही कांदा येऊ दे’ एवढंच म्हणते. भाऊजी समोर दिसले की सलाम करते. आपल्याच माणसांना सलाम केला तर त्यात विशेष काय, हेही त्याच पाचव्या अध्यायात आहे.

माझी धाकटी जाऊ विचारते, ‘मग बांधही सोडून द्या की!’ ते मी करणार नाही. बायबलमधल्या मोशेच्या गीतात देवाची कृती परिपूर्ण म्हटली आहे आणि लगेच त्याचे सगळे मार्ग न्यायाचे आहेत असंही म्हटलं आहे. प्रीती करायची म्हणून खोट्याला खरं म्हणायचं नसतं. सरकारच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडे जमिनीच्या मोजणीचा अर्ज दिलाय, पैसे भरलेत. हद्दीच्या खुणा आमच्या वावरात आत आल्या तर आम्ही मागं सरू, त्यांच्याकडं गेल्या तर त्यांना सरावं लागेल. मोजणीची तारीख लागेल तेव्हा लागेल. येता आठवडा रात्रीच्या लाईटचा आहे आणि सोमवारपासून पाळी भाऊजींची. मागच्या वेळचे त्यांचे बुडालेले तास वहीत राहिलेत, ते आधी द्यायचेत.