अर्धी गोळी

निरोगी मांजराच्या हिरड्या फिकट गुलाबी असतात. गोट्याच्या हिरड्या तपकिरी झाल्या होत्या. तो रंग पाहिला आणि माझ्या काळजात धस्स झालं.

डिसेंबर सरत आला होता, नागपुरात थंडीची लाट होती. सक्करदऱ्याचा माझा दवाखाना उघडतो न उघडतो तोच महाल भागातल्या एक आजी आणि त्यांची कॉलेजात जाणारी नात ऑटोतून उतरल्या. आजींच्या शालीत गोट्या होता, तोंड उघडं टाकून श्वास घेत. कुत्रा धावून आला की तोंडानं धापतो, त्याचं काही वाटत नाही. मांजर सहसा तसं करत नाही. मांजरानं तोंडानं श्वास घ्यायला सुरुवात केली की आधी ऑक्सिजन लावायचा आणि मग विचारायचं, हे सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना आमच्या अंगी बाणवलं गेलं. मास्क लावता लावता मी बाकीचं पाहिलं. गालफडं आणि हनुवटी सुजलेली, पुढचे पंजेही फुगलेले. ताप नव्हताच. उलट अंग गार, ३६.२ अंश. मांजराचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ च्या आसपास असतं.

"दोन दिवसांपासून शिंकत होता," नात सांगू लागली. "नाक गळत होतं. काल काहीच खाल्लं नाही."

"औषध काय दिलं?"

"काहीच नाही, मॅडम."

मी आजींकडे पाहिलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मी देल्ली जी डॉक्टरीणबाई. अर्धीच गोळी देल्ली. रातभर शिंकून राहिला होता, मले पाहावलं नाही. आमी नाही का घेत, थंडीताप आला तं?"

कमरेच्या बटव्यातून त्यांनी पाकीट काढून दिलं. पॅरासिटामॉल, ६५० मिलिग्रॅमची. अडकित्त्यानं अर्धी केली, सायीत कुस्करली, आणि गोट्यानं ती साय चाटूनपुसून खाल्ली. रात्री अकराच्या सुमारास. म्हणजे पोटात जाऊन दहा तास झाले होते. आता उलटी करवून उपयोग नव्हता, औषध केव्हाच रक्तात उतरलं होतं.

गोट्याचं वजन साडेतीन किलो. अर्धी गोळी म्हणजे ३२५ मिलिग्रॅम, किलोमागे नव्वदच्या वर. पासष्ट किलोच्या माणसानं एका दमात नऊ गोळ्या खाव्यात तेवढा हा डोस. माणसाला तरी त्याचं यकृत वाचवायला धडपडतं. पॅरासिटामॉल निकामी करून लघवीवाटे बाहेर टाकायला जे विकर (एन्झाइम) लागतं, ते मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतंच. मग त्या औषधाचा विषारी भाग थेट रक्तावर उतरतो. मांजराचं हिमोग्लोबिन त्यापुढे फार नाजूक. ते बदलून मेटहिमोग्लोबिन होतं, आणि त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. छाती भात्यासारखी हलत असते, हवा आत जात असते, पण रक्त ती उचलत नाही. किलोमागे दहा मिलिग्रॅमनंही मांजरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. सर्दीवर पॅरासिटामॉल देण्याइतकी 'सुरक्षित' मात्रा मांजरासाठी नाहीच, पाव गोळीही नाही, लहान मुलांचं सिरपही नाही.

खात्री करायला एक जुनी, साधी पद्धत आहे. पांढऱ्या टिपकागदावर मी गोट्याच्या रक्ताचा एक थेंब टाकला आणि शेजारी आदल्या दिवशी तपासणीसाठी घेतलेल्या एका धडधाकट मांजरीच्या रक्ताचा. तिचा थेंब हवा लागताच लाल झाला. गोट्याचा तपकिरी तो तपकिरीच राहिला. आजी माझ्या खांद्यावरून पाहत होत्या. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

यावर उतारा आहे, हे आपलं भाग्य. अॅसिटाइलसिस्टीन नावाचं इंजेक्शन. माणसांनी पॅरासिटामॉल जास्त घेतलं तर हेच देतात, त्यामुळे ते माणसांच्या औषधांच्या दुकानात मिळतं. माझ्याकडचा साठा संपलेला असू नये म्हणून मी हिवाळ्याच्या तोंडावरच दोन-चार अॅम्प्यूल आणून ठेवते. ते पहिल्या डोसला कामी आले, आणि पुढच्यासाठी माझा सहायक स्कूटरनं मेडिकल चौकात गेला. पहिला डोस किलोमागे १४० मिलिग्रॅम, म्हणजे गोट्याला ४९०. तो सलाइनमध्ये पातळ करून शिरेतून सावकाश सोडायचा. पुढे दर सहा तासांनी निम्मा, असे सात डोस. जोडीला ऑक्सिजन, क जीवनसत्त्व आणि ऊब. ऊबही बेतानं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात दोनदा गुंडाळून अंगापासून थोडी दूर. गारठलेल्या जनावराला चटका कळत नाही आणि ते उठून बाजूलाही होऊ शकत नाही. हीटरसमोर ठेवून भाजलेली मांजरं मी पाहिली आहेत.

नात आजींवर चिडली होती. "कितीदा सांगितलं, आपल्या मनानं काही देत नको जाऊ!" मी तिला बाहेरच्या बाकावर नेलं आणि म्हटलं, आजीनं आज जर 'काही दिलं नाही' असंच धरून ठेवलं असतं, तर मी याला निमोनिया समजून अर्धा तास घालवला असता. पाकीट काढून दाखवलं म्हणून उतारा वेळेत गेला. दवाखान्यात माणसं ओरडा खाण्याच्या भीतीनं खरं लपवतात, आणि त्याची किंमत जनावर मोजतं. म्हणून माझ्या टेबलापाशी कोणी कोणाला रागावायचं नाही, असा मी नियमच केला आहे. आजीनं गोट्याला मारायला गोळी दिली नव्हती. स्वतःच्या नातवाला दिली असती त्याच हातानं दिली होती.

दवाखाना काही गोट्यासाठी थांबणार नव्हता. साडेदहाला मानेवाड्याचे एक काका त्यांचा म्हातारा लॅब्राडोर घेऊन आले. सकाळी त्याला उठताच येत नव्हतं. थंडीत सांधे आखडतातच, त्यात आपल्याकडची घरं उन्हाळ्याशी झुंजायला बांधलेली. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो म्हणून आपण फरशी गार राहील असं पाहतो, आणि तीच फरशी डिसेंबरात म्हाताऱ्या कुत्र्याच्या कमरेला भोवते. २९ डिसेंबर २०१८ ला इथं पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, हे लोक विसरून जातात. काकांनी त्याला रमचं एक झाकण पाजलं होतं. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, वरून ऊब वाटते आणि आतली उष्णता निघून जाते, वर यकृताला त्रास वेगळा. पोत्यावर जाड गोधडी, ऊन आल्यावर हळू फिरणं, वजन कमी करणं आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून मगच कुत्र्याच्या मापाचं वेदनाशामक, एवढं लिहून दिलं. घरातली कंबरदुखीची गोळी देऊ नका, हे दोनदा बजावलं. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकनं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात.

दुपारी रेशीमबागेजवळचा एक चहावाला खोक्यात तीन पिल्लं घेऊन आला. डोळे न उघडलेली. त्यांची आई रात्री गाडीखाली गेली होती. भटक्या कुत्र्यांची बाळंतपणं नेमकी थंडीच्या तोंडावर येतात, त्यामुळे दर हिवाळ्यात अशी खोकी येतात. चहावाल्यानं सोबत कोमट दुधाची सिरिंज भरूनच आणली होती. मी त्याचा हात धरला. गारठलेल्या पिल्लाला दूध पाजू नये. अंग थंड असलं की आतडी हलत नाहीत, दूध तसंच पडून नासतं, नाहीतर फुप्फुसात जातं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत पिल्लांना कुडकुडताही येत नाही, त्यामुळे आईच्या पोटाशिवाय त्यांना दुसरी शेगडी नाही. आधी तास-दीड तास हळूहळू ऊब दिली, हिरड्यांना साखरपाण्याचं बोट लावलं, मग पिल्लांसाठीचं दूध. दोन तगली. तिसरं संध्याकाळपर्यंत गेलं. चहावाल्यानं उरलेली दोन्ही टपरीवर नेली, दर तीन तासांनी पाजायचं कबूल करून, आणि त्यानं ते केलंही.

कुत्र्यामांजरांच्या थंडीबद्दल लोक मला विचारतात ते स्वेटरचं. कोणता घ्यावा, लोकरीचा की फ्लीसचा, लॅब्राडोरला लागतो का. घरातल्या औषधाच्या डब्याबद्दल कोणी विचारत नाही. थंडीत मला खरी भीती असते त्या डब्याची. बाम, कापूर, निलगिरीचं तेल हेही त्यातच. मांजर अंग चाटतं, जे कातडीला लावाल ते पोटात जातं. आणि डिंकाचे लाडू. त्यातल्या मनुकांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात.

चार वाजता गोट्याचा दुसरा डोस गेला. लघवी झाली ती गडद तपकिरी. रात्री दहाचा डोस मी दिला, पहाटे चारचा सहायकानं. आजी घरी जायला तयार नव्हत्या. बाकावर बसून जप करत राहिल्या. मी त्यांना दोनदा चहा दिला आणि खरं तेच सांगितलं: अठ्ठेचाळीस तास काही बोलता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत श्वास तोंडानं घेणं थांबलं. हिरड्या अजून मळकट होत्या, पण टिपकागदावरचा थेंब आता तांबूस दिसला. तिसऱ्या दिवशी त्यानं कोमट केलेली मासळी हुंगली आणि थोडी खाल्ली. नाक चोंदलेल्या मांजराला वास येत नाही, वास नाही तर खाणं नाही, म्हणून अन्न गरम करून वास उठवावा लागतो. मूळ सर्दी तर होतीच. तिला लागलं काय, तर न्हाणीघरातली वाफ, मिठाच्या पाण्यानं पुसलेलं नाक आणि डोळ्यांचे थेंब. मांजरांच्या सर्दीत बहुतेक वेळा हर्पिस किंवा कॅलिसी विषाणू असतो. पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्यावर तीन रोगांची एकत्र लस आणि पुढचे बूस्टर दिले, तर ती सर्दी झालीच तरी सौम्य राहते. गोट्याला ती कधीच दिलेली नव्हती. बरा झाल्यावर महिन्याभरानं द्यायचं ठरलं.

चेहऱ्याची सूज पूर्ण उतरायच्या आधीच त्याला घरी सोडलं. नातीनं औषधांची चिठ्ठी घेतली. आजींनी शाल सारखी केली, गोट्याला उचललं आणि दारापर्यंत जाऊन परत आल्या.

"डॉक्टरीणबाई, मी रोज रातच्याला गुडघ्याले मलम लावतो. अन् हा माह्या मांडीवरच झोपते. ते चालते का?"

मी ट्यूब मागवून पाहिली. वेदनाशामक मलम, डायक्लोफिनॅकचं. गोट्यानं चाटलं तर मूत्रपिंडं जातील. मी म्हटलं, आजी, मलम लावायचं तर लावा, पण खोलीचं दार लावून. हात साबणानं धुवा, गुडघ्यावर पट्टी नाहीतर जाड पायजमा, आणि त्या रात्री गोट्या नातीच्या खोलीत. त्यांनी नातीला ते चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून घ्यायला लावलं.