स्कॅन नावाचा बारावा माणूस

गोव्यात, वास्कोतल्या एका क्लिअरिंग एजंटच्या (बंदरातल्या मालाची कस्टमची कागदपत्रं करणाऱ्याच्या) ऑफिसात मी कॉम्प्युटर, वायरी आणि शिव्या सांभाळतो. ऑफिसचा मेल सर्व्हर त्यांचा स्वतःचा, कपाटातल्या एका जुन्या डब्यात. ‘आपली कागदं आपल्या कपाटात’ हा शेटचा हट्ट. माणसं अकरा, मेलबॉक्स बारा. बारावा कोणाचा, ते पुढे येईल.

शेटला घरून, गावाहून, देवळातूनसुद्धा मेल बघायची असायची. आधी व्हीपीएन होता, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची खाजगी वाट; जुन्या राउटरवरचा, पीपीटीपी नावाच्या जुन्या पद्धतीचा. पण नव्या फोनांनी तो काढून टाकला. आयफोनने तर 2016 मध्येच, आयओएस 10 सोबत. दुसऱ्या पद्धतीचा व्हीपीएन मी बसवून दिला, तर आधी एक बटण दाबायचं आणि मग मेल उघडायची, याचाच शेटना वैताग. ‘म्हाका तें बटण नाका,’ म्हणाले. कोकणीत बोलले की विषय संपला असं समजायचं.

तसं यात अशक्य काही नाही. फोनमधली मेल वाचायला 993 आणि पाठवायला 587, एवढेच दोन पोर्ट, म्हणजे नंबरांची दारं, राउटरमधून सर्व्हरकडे वळवायचे. बाहेरून येणाऱ्या मेलसाठी 25 आधीच उघडा होता, त्यावर लॉगिन मात्र बंद ठेवायचं. वाटेत कुणी मेल वाचू नये म्हणून लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, 90 दिवसांचं, आपोआप नवं होणारं. गणपतीच्या आठवड्यात मी हे सगळं केलं. अकराही जणांचे पासवर्ड चौदा अक्षरी केले आणि फेलटूबॅन बसवला, म्हणजे एकाच पत्त्यावरून पाच वेळा पासवर्ड चुकला की तो पत्ता बंद.

पहिल्याच दिवशी तक्रार आली: घरी मेल येते, ऑफिसच्या वाय-फायवर येत नाही! राउटर आतल्या माणसाला बाहेरच्या पत्त्यावरून परत आत वळवत नव्हता. आतल्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या वहीत, सर्व्हरच्या त्याच नावाला सर्व्हरचा आतला पत्ता लावला, आणि फोनला घर आणि ऑफिस यातला फरक कळेनासा झाला. मला यात फार हुशारी वाटली, आणि बहुतेक तिथेच मी सैल पडलो.

दुरुस्तीसाठी लांबून सर्व्हरमध्ये शिरायचा रस्ता, एसएसएच, मात्र मी बाहेरून उघडला नाही. सगळ्यांना मेल, मला काही नाही. त्यावेळी हे फार शहाणपणाचं वाटलं होतं.

तयेच्या दिवशी, चवथीच्या आदल्या संध्याकाळी, वाळपईला घरी पोचलो. गणपतीवर टांगायची रानफळांची माटोळी बांधायची होती, कांगलां आणि माट्टुळ्या विसरलो म्हणून आई रागावलेली. दुसऱ्या दिवशी चवथ. पूजा आटोपून खतखत्याच्या पानावर बसलो तर शेटचा फोन. आवाज चढलेला. न्हावाशेवा बंदरातल्या एजंटला पाठवलेली कागदपत्रं परत येताहेत, मुंबईचं एक जहाज थांबणार नाही, आणि त्यावर डिमरेज, म्हणजे उशिराचा दंड, कोणाच्या खिशातून जाणार? परत आलेल्या मेलचा मजकूर त्यांनी वाचून दाखवला. इंग्रजी अक्षरांच्या घोळातून मला एकच कळलं: आमच्या पत्त्यावरून स्पॅम चाललंय आणि जगाने आम्हाला यादीत टाकलंय.

मी पानावरून उठलो. सर्व्हर बघायचा कसा? वाट मीच बंद केलेली. मेल बाहेरून उघडी आणि मी बाहेर, एवढंच उरलं होतं.

ऑफिसची चावी अकाउंटच्या बाईंकडे, त्या मुरगावला. फोन केला. नेवऱ्या तळून झाल्या होत्या, पाहुणे आले होते, तरी पदर खोचून त्या रिक्षाने निघाल्या. अर्ध्या तासाने त्यांचा फोन:

‘कपाट उघडलं. इथे वायरींचा गुंताच आहे रे बाबा. कुठली?’

‘राउटरची, पिवळी, जाड.’

‘पिवळ्या दोन आहेत.’

‘भिंतीकडून येणारी.’

‘दोन्ही भिंतीकडूनच येतात!’

पहिली काढली तर सीसीटीव्ही बंद पडला. दुसरी काढली. मी स्कूटर काढली तेव्हा दोन वाजले असावेत. फोंडा, बोरी पूल, वेर्णा. पाऊस आडवा, रेनकोट नावापुरता. झुआरीचं पाणी बघायचंही सुचलं नाही.

पोचल्यावर मेलक्यू, म्हणजे जायच्या मेलची रांग, उघडली. एकवीस हजारांवर मेल रांगेत, सगळ्या एकाच नावाने: स्कॅन.

हाच तो बारावा. झेरॉक्स मशीनचा माणूस येऊन पूर्वी कधीतरी मशीनसाठी खातं करून गेला होता, स्कॅन केलेला कागद मेलवर पाठवायला. पासवर्ड ‘स्कॅन123’. पासवर्ड बदलताना मी माणसांची यादी घेतली होती, आणि स्कॅन काही माणूस नव्हे.

नोंदी वाचल्या. पोर्ट उघडल्यापासून पाऊण तासात पहिला अंदाज आलेला: अॅडमिन, इन्फो, टेस्ट, स्कॅन. मग तीन दिवस कुरतडणं. फेलटूबॅन का गप्प बसला, तेही दिसलं. शेकडो वेगवेगळ्या पत्त्यांवरून एकेक, दोनदोन वेळा. पाचाचा हिशेब कुणी पूर्ण केलाच नाही. तयेच्या रात्री पासवर्ड लागला.

रांगेत आमच्या तीन खऱ्या मेलही अडकल्या होत्या, म्हणून सरसकट पुसता येईना. पाठवणारा ‘स्कॅन’ असलेल्याच पुसल्या. स्कॅनचं बाहेरचं लॉगिन तोडलं. मेलबॉक्स आणि लॉगिन सांभाळणाऱ्या डव्हकॉटमध्ये ‘अलाऊ नेट्स’ म्हणून एक सोय आहे: कुठल्या खात्याने कुठल्या पत्त्यावरून लॉगिन करायचं ते ठरवता येतं. मशीनला आतल्या 192.168.1 च्या पट्ट्याबाहेर काही नाही. स्पॅम पाठवणाऱ्यांची यादी ठेवणाऱ्या स्पॅमहाऊसकडे त्या यादीतून नाव काढायचा अर्ज भरला. तोपर्यंत डिमरेजची कागदं शेटनी फोनचा हॉटस्पॉट लावून आपल्या खाजगी मेलवरून पाठवून दिली होती. ‘हे आधीच सांगितलं असतंस तर!’ म्हणाले.

पासवर्ड मोठा करायला गेलो तर झेरॉक्स मशीनच्या पडद्यावर दहाच अक्षरं मावत होती. तो ‘123’ आळसातला होता की नाईलाजातला, देव जाणे.

दरम्यान बाई डब्यातून नेवऱ्या घेऊन आल्या. शेटना आता व्हीपीएन हवा आहे का, असं मी विचारलंच नाही. माझ्यासाठी मात्र दुसऱ्या दिवशी एसएसएच किल्लीने चालेल असा उघडला, पासवर्डशिवाय. भिंतीकडून येणाऱ्या पिवळ्या वायरीला त्या दिवसापासून एक लाल रिबन आहे. ती बाईंनी बांधली, माटोळीतून उरलेली.