आन्लोगाची घंटा

घानातल्या सोगाकोपेला व्होल्टा नदीवरचा पूल आला, आमची ट्रोट्रो, म्हणजे तिथली प्रवासी मिनीबस, मंदावली आणि खिडक्यांभोवती डोक्यावर पराती घेतलेल्या बायकांचा गराडा पडला. अबोलो, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले मऊ तुकडे, आणि बरोबर करंगळीपेक्षाही लहान, कुरकुरीत तळलेले मासे. माझ्या मालवणी जिभेला हे लगेच पटलं. पुढे डाबाला फाट्यावरून दक्षिणेकडे वळलो. काही वेळाने रस्ता एका चिंचोळ्या पट्टीवर आला. एका बाजूला केटाचं खाऱ्या पाण्याचं सरोवर, दुसऱ्या बाजूला अटलांटिक आणि मधल्या वाळूत छोट्या कांद्यांचे हिरवेगार, रेखीव वाफे.

घानाच्या आग्नेय कोपऱ्यातला हा भाग आन्लो एव्हे लोकांचा. घानाच्या राष्ट्रगीताला चाल देणारे फिलिप ग्बेहो याच केटा परिसरातले. मला एव्हे ढोलवादन रंगमंचावर नाही, त्यांच्या अंगणात ऐकायचं होतं. शनिवारी ते इथल्याच आन्लोगा गावात ऐकायला मिळालं, एका वृद्ध गृहस्थांच्या अंत्यविधीत. माझ्या यजमानांनी आधी घरच्यांची परवानगी काढली आणि मग मला मंडपात नेलं.

दीर्घायुष्य जगून गेलेल्या माणसासाठी काळे-पांढरे कपडे घालतात, त्यामुळे सगळा मंडप त्याच दोन रंगांत होता. सुरुवातीला पूर्वजांची नावं घेत जमिनीवर मद्य ओतलं. मग बाकावर वादक बसले आणि त्यांच्यामागे गाणाऱ्या बायकांच्या रांगा. हे लोक व्यावसायिक कलाकार नव्हेत. कुणी कांदे पिकवतं, कुणी मासे विकतं, कुणी शाळेत शिकवतं. अशा मंडळाला तिथे हाबोबो म्हणतात. सभासद वर्गणी भरतात. कुणाच्या घरी मृत्यू झाला की मंडळ पैशाची मदत करतं आणि वाजवायला, गायलाही येतं. दुःखात माणसाला एकटं पडू द्यायचं नाही, हे त्यांच्यासाठी संगीताइतकंच मंडळाचं काम आहे. मला तर ही दोन कामं वेगळी करताच येईनात.

अग्बाजा सुरू झाला. हा नाच जुन्या युद्धनृत्यातून आला असं सांगतात. आता तो लग्नात, सणात, मयतात, कुठेही होतो. पहिला आवाज गान्कोग्वीचा: लोखंडाच्या दोन घंटा एकीवर एक जोडलेल्या, खाली मोठी, वर लहान. वाजवणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा होता. १२ सूक्ष्म मात्रांच्या आवर्तनात ७ ठोके, तेही सारख्या अंतरावर नाहीत. त्यातला एकही ठोका तो बदलत नव्हता, सजवत नव्हता. त्याच्या शेजारी आक्सात्से, म्हणजे मण्यांच्या जाळीत गुंफलेला भोपळा, एकदा मांडीवर आणि एकदा तळहातावर आपटत होता. मग कागानू, सगळ्यात बारीक ढोल, दोन सडपातळ काड्यांनी मधल्या फटी भरू लागला. किदी, मधल्या आकाराचा ढोल, उत्तरं देऊ लागला. आणि सोगो, अग्बाजातला म्होरक्या ढोल, हातांनी वाजू लागला.

तबल्याच्या सवयीने माझे कान सम शोधत होते. पण सोगोवाला वादक जोरदार आघात करून आवर्तनाचं तोंड दाखवत नव्हता. त्याचे बोल घंटेवर स्वार होऊन कधी मागून, कधी तिरके येत होते. जरा थांबून मी कान त्या पोराच्या घंटेकडे वळवले, तसं सगळं उलगडत गेलं. तिथे प्रत्येक जण ऐकतो तो घंटेला. सोगो एवढा मोकळा फिरू शकतो, कारण तो मुलगा जागचा हलत नाही. ही जबाबदारी मंडळातल्या इतक्या लहान माणसावर सोपवलेली पाहून मला त्या लोकांविषयी फार आदर वाटला.

मुख्य गायिकेने, साठीच्या बाईने, एक ओळ उंच स्वरात टाकली आणि मागच्या रांगांनी ती झेलली. या भागात मृत्युगीतांची परंपरा मोठी आहे. अशी गाणी रचणाऱ्या आन्याको गावच्या विनोको आक्पालूंचं नाव लोक अजून आदराने घेतात. गाणं चढलं तशा बायका जोडीजोडीने पुढे आल्या. कंबरेतून वाकलेल्या, कोपर दुमडलेले, खांद्याची पाती आत-बाहेर. पाय जेमतेम सरकत होते, पण पाठ बोलत होती. मृताची बहीण, काठी टेकत, आली तेव्हा सोगोवाल्याने मान तिच्याकडे वळवली आणि वादन जरासं उतरवलं. तिच्या खांद्यांना पेलेल एवढंच. ती परत फिरताच किदीने पुन्हा जोर धरला. कुणीतरी वादकाच्या घामेजल्या कपाळावर सेदीची, म्हणजे घानाच्या चलनाची, नोट चिकटवली.

अंधार पडायच्या सुमाराला वादन थांबलं. मंडळाचा खजिनदार वही उघडून बसला. आलेली वर्गणी लिहायची आणि पुढच्या शनिवारी सरोवरापलीकडच्या एका घरी जायचं, त्याची गाडी ठरवायची. घंटेवाला मुलगा त्याच्या शेजारी बसून अबोलो खात होता. पुढच्या शनिवारी तूच का, असं मी विचारलं, तर तोंड भरलेलं असल्यामुळे त्याने नुसती मान हलवली, आणि खजिनदार म्हणाला, "हा नाही आला तर आम्ही निघणारच नाही."