सातबाऱ्याची झेरॉक्स

"सर, फंक्शनमधी तर अदलाबदल झाली. बाहेर आलं की पुन्हा ५ आन् ९ जागच्या जागी!"

लातूरच्या लॅबमध्ये आज दुपारी सी या प्रोग्रामिंग भाषेत दोन आकड्यांची अदलाबदल करणारं फंक्शन (प्रोग्रामचा वेगळा तुकडा) लिहून झाल्यावर एका पोरानं हे विचारलं. मी फळ्यावर स्टॅकच्या, म्हणजे फंक्शनची व्हेरिएबल्स (किंमत ठेवायच्या नावाच्या जागा) मेमरीत जिथं राहतात त्याच्या, चौकटी काढत बसलो. पोरं नुसती बघत होती. तेवढ्यात मागून औशाकडची एक पोरगी म्हणाली, "सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर खोडाखोड केल्यावर तलाठ्याकडचं रेकॉर्ड कसं बदलंल, सर?"

बस्स! सी फंक्शनला व्हेरिएबलची प्रतच देतं. मूळ किंमत बदलायची तर तिचा पत्ता द्यायचा, म्हणजे पॉइंटर. (तो पत्ताही झेरॉक्सच, पण बरोबर घरी नेऊन सोडतो.)

बारा वर्षं शिकवतोय, सातबारा मला एकदाही आठवला नाही. घरी तर त्याच्यावरूनच भांडणं!

उद्या रिकर्शन आहे, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच बोलावणं. त्याला काय म्हणेल ती?