आईचं माहेर, आंबोलीचा घाट आणि एकोणतीस वर्षांची मर्सिडीज

पहाटे सव्वापाचला गाडीचं कव्हर काढायला खाली गेलो, तर आई आधीच येऊन उभी. खांद्यावर शाल, हातात औक्षणाच्या सामानाची पिशवी. भाऊबीजेला पुण्याहून मामाकडे सावंतवाडीला निघालो होतो. कमरेचं दुखणं मागे लागल्यापासून आई रेल्वेनेच माहेरी जाते, कारण तिथे आडवं पडता येतं. या वेळी तिकीट मिळालं नाही. मी दुसरं काही सुचवायच्या आत तीच म्हणाली, "तुझ्या त्या म्हातारीने नेतोस का रे? तिच्यात मला दुखत नाही."

म्हातारी म्हणजे माझी १९९६ ची मर्सिडीज ई २२०. जुन्या गाड्यांची माणसं तिला डब्ल्यू १२४ म्हणतात. मूळ मॉडेल १९८४ च्या अखेरीस जर्मनीत आलं, पण माझी गाडी पुण्याचीच. मर्सिडीज-बेंझ इंडिया १९९४ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या गाड्या जोडल्या गेल्या त्या पिंपरीत, टेल्कोच्या (म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात. चाकणचा कारखाना बराच नंतरचा, २००९ चा. तेव्हा वीस लाखांच्या पुढे किंमत असलेली ही गाडी मी आठ वर्षांपूर्वी एका निवृत्त डॉक्टरांकडून दोन लाख चाळीस हजारांना घेतली.

किल्ली फिरवली की मी आधी डावीकडचा छोटा ऑइल प्रेशरचा काटा बघतो. इंजिन लागल्या लागल्या तो ३ वर जाऊन टेकतो. गरम इंजिन सिग्नलला उभं असलं की खाली उतरतो आणि रेस दिली की परत वर येतो. तो उतरला म्हणून घाबरायचं नाही. पण रेस देऊनही वर आला नाही, तर गाडी तिथेच बंद करायची. गॅरेजमधल्या फोरमननी शिकवलेला हा पहिला धडा.

आईने दार ओढून घेतलं. धप्प! तो आवाज तिला फार आवडतो. "आमच्या सावंतवाडीच्या घराचं कपाट असं लागायचं," म्हणते.

कात्रज मागे पडेपर्यंत उजाडलं. साताऱ्याच्या अलीकडे खंबाटकीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये सहज झाला. २.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, दीडशे हॉर्सपॉवर. आजच्या हिशेबाने हे फार नाही आणि गाडीला घाईही नाही. पण सातारा–कोल्हापूर रस्त्यावर रुंदीकरणाची कामं चालू होती. दर थोड्या अंतराने सर्व्हिस रोडला उतरायचं, खडी, खड्डे, परत वर यायचं. खरा फरक तिथे कळतो. खड्डा आला की दुरून कुणीतरी "धब्" म्हणाल्यासारखा आवाज येतो आणि विषय तिथेच संपतो. अंगाला काही लागत नाही. आई कराडपर्यंत झोपली होती.

हे कशामुळे होतं, ते मी गाडीखाली झोपून बघितलेलं आहे. मागचं प्रत्येक चाक पाच वेगवेगळ्या दांड्यांनी धरलेलं असतं. एक दांडी चाकाला पुढे-मागे जाऊ देत नाही, दुसरी तिरपं होऊ देत नाही, अशी कामाची वाटणी. म्हणून चाक खड्ड्यात गेलं तरी सरळच राहतं. सीटच्या आतही नुसता फोमचा ठोकळा नाही, खऱ्या स्प्रिंगा आहेत. सुरुवातीला सीट कडक वाटते, पण तीन तासांनी उतरलात की पाठ जागच्या जागी असते. फिजिओथेरपिस्टने आईला जे सांगितलं होतं, ते ही सीट न सांगता करते.

पण दोन्ही चाकांच्या मिळून त्या दहा दांड्यांच्या टोकांना रबरी बुश, म्हणजे धक्का पिणारी रबरं असतात. इंजिन रबरावर बसवलेलं असतं, गिअरबॉक्सही. गिअरबॉक्स आणि मागची चाकं यांना जोडणाऱ्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना जाडजूड रबरी चकत्या असतात. या गाडीचं सगळं सुख रबरात आहे, आणि रबर वीस-पंचवीस वर्षांत दगड होतं. लोखंडाला काही होत नाही, इंजिनं लाखो किलोमीटर जातात. मी गाडी घेतली तेव्हा ती बैलगाडीसारखी धडधडायची. विकणारे डॉक्टर म्हणाले, "आता वय झालं तिचं." वय रबराचं झालं होतं. पहिल्या वर्षी सगळे बुश, माउंटिंग आणि त्या चकत्या बदलल्या, मजुरीसकट एक लाख दहा हजार गेले. त्यानंतर जी गाडी गॅरेजमधून बाहेर आली, ती मी विकत घेतलेली नव्हतीच. वीस लाखांची होती.

म्हणून कुणी अशी गाडी घ्यायची म्हणून विचारायला आलं, की मी सांगतो, किंमतीइतकेच पैसे बाजूला ठेव, मगच हात घाल. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. आणि इंजिनाच्या वायरिंगचं आवरण बोटाने जरा वाकवून बघ. त्या वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांमध्ये ते उष्णतेने पापडासारखं तुटतं. माझ्या गाडीचं आधीच्या मालकांनी बदललेलं होतं, आणि मी हो म्हणालो त्याचं निम्मं कारण तेच.

कोल्हापूरला थांबलो नाही. निपाणीच्या पुढे संकेश्वरला हायवे सोडला आणि गडहिंग्लजला मिसळ खाल्ली. तिथे पार्किंगमध्ये एक शाळकरी मुलगा बॉनेटवरच्या चांदणीजवळ बोट नेऊन थांबला. मी म्हटलं, "लाव हात, काही होत नाही." त्याने अलगद वाकवून सोडली, ती स्प्रिंगने परत उभी राहिली. मग त्याने वडिलांना हाक मारून आणलं. वडिलांनी ॲव्हरेज विचारलं. शहरात आठ, हायवेला अकरा-बारा. खरं तेच सांगितलं.

त्यांचा पुढचा प्रश्न नेहमीचाच, "पंधरा वर्षं झाली की मोडीत काढावी लागते ना?" दिल्लीकडच्या नियमांमुळे हा समज सगळीकडे पसरलाय. आपल्याकडे तसं नाही. पंधरा वर्षांनंतर आरटीओत गाडी दाखवायची, पर्यावरण कर भरायचा आणि पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यायची. वीस वर्षांवरच्या कारची नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार झाली. आयात केलेल्या कारला हीच फी ऐंशी हजार आहे. पिंपरीत जन्म झाल्याचा हा रोख फायदा! विंटेज म्हणून नोंद हवी असेल तर मात्र पन्नास वर्षं व्हावी लागतात. आमच्या म्हातारीला अजून एकवीस वर्षं आहेत. विमा बहुतेक ठिकाणी थर्ड पार्टीच मिळतो, कारण विमा कंपन्यांच्या लेखी गाडीची किंमत जवळपास शून्य.

आजऱ्याच्या पुढे ढग खाली आले आणि आंबोलीत पाऊसच लागला, ऐन दिवाळीत. या गाडीला वायपर एकच आहे, काचेच्या मधोमध. पण तो नुसता गोल फिरत नाही, फिरता फिरता लांब होतो, आखडतो, परत लांब होतो, आणि काचेच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांपर्यंत पोचतो. त्याचं ते आत-बाहेर मी पावसात कितीही वेळ बघू शकतो. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, ब्रेकला फार पाय लावला नाही. दाणोली आली तशी आई सरळ बसली आणि काच खाली करून हवा घेऊ लागली. काचांची बटणं दारावर नाहीत, गिअरच्या आजूबाजूला आहेत. तिला ती न बघता सापडतात.

मामा दारातच होते. "इलंस गो?" एवढंच म्हणाले आणि तिची पिशवी घेतली. पावणेचारशे किलोमीटर बसून आलेली आई कुणाचा हात न धरता पायऱ्या चढली. गाडीवर माझा झालेला सगळा खर्च मला त्या घटकेला वसूल झाला.

दोन दिवस मोती तलावाच्या काठाने फिरलो, चितार आळीत लाकडी फळं घेतली. औक्षण झालं. निघताना मामीने डिकी भरायला घेतली. नारळ, आमसुलं, सोलकढीसाठी आगळाच्या बाटल्या, पोह्यांची पोती. ५२० लिटरची डिकी आहे. ती भरली की गाडी मागून बसते आणि गतिरोधकाला पोट घासतं, म्हणून परतीच्या वाटेवर प्रत्येक गतिरोधक तिरका घेत होतो.

दाणोली सोडून घाटाचा निम्मा चढ झाला असेल. आई म्हणाली, "गुळाच्या पाकासारखा वास येतोय का रे?"

मी लगेच टेंपरेचरचा काटा बघितला. एरवी तो ८५ च्या आसपास असतो आणि घाटात शंभरीकडे सरकतो, ते चालतं. या वेळी शंभरच्या पुढे गेला होता. कुलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा वास गोडसर असतो. एसी बंद केला, हीटर पूर्ण उघडला म्हणजे थोडी उष्णता आत ओढली जाते, आणि पुढच्या वळणावर रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं. रेडिएटरला लागतो तो वरचा होज, म्हणजे रबरी पाइप, टोकाला कडक होऊन चिरला होता आणि क्लिपखालून बारीक वाफ येत होती.

इथे घाई करायची नाही, एवढंच काम. टाकीचं झाकण गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं. पाऊण तास थांबलो. आईने डब्यातली नारळाची वडी काढली, कठड्यावर माकडं येऊन बसली, धुकं दरीतून वर येत होतं. तिने विचारलं, "बिघडली?" मी म्हटलं, "नाही. रबर संपलं."

होज हाताला सोसवेल इतका थंड झाल्यावर क्लिप सैल केली. हिरवट पाणी मनगटावरून ओघळलं. होज ओढला, चाकूने कडक झालेलं बोटभर टोक कापून टाकलं. खालचं रबर अजून मऊ होतं. रेडिएटरची नळी प्लॅस्टिकची असते, या वयात ती ठिसूळ होते, म्हणून होज दाबून न बसवता थोडं पाणी लावून फिरवत फिरवत आत सरकवला. नवी क्लिप लावली. स्क्रू घट्ट होतानाचा तो शेवटचा अर्धा फेरा मनगटाला कळतो, त्याच्या पुढे जायचं नाही. कॅनमधलं कुलंट आणि पाणी भरलं, इंजिन चालू करून हवा निघू दिली, पुन्हा भरलं. आई सगळा वेळ माझ्या फोनची टॉर्च धरून शेजारी उभी होती.

डिकीत मी नेहमी दोन क्लिपा, पाच लिटर कुलंटचं पाणी, फ्यूज, पाच जादा व्हील बोल्ट (या चाकांना नट नसतात, बोल्ट असतात) आणि एक वही ठेवतो. वहीत पार्टचे नंबर आहेत. मर्सिडीजच्या पार्टचा नंबर वाचता आला की निम्मं काम होतं. १२४ ने सुरू झाला तर तो या बॉडीचा, १११ ने सुरू झाला तर या इंजिनाचा. मुंबईत कुर्ल्याच्या दुकानदाराला गाडीचं नाव सांगितलं तर तो दहा प्रश्न विचारतो, नंबर सांगितला की सरळ फळीकडे हात जातो. तिथे नसलंच तर जर्मनीहून मागवायचं, कस्टम्स धरून. टायर मात्र १९५/६५ आर १५, कुठल्याही गावात मिळणारा.

काटा ८५ वर आला आणि तिथेच राहिला. आंबोलीत चहा घेतला, बॉनेट उघडून पुन्हा बघितलं, कोरडं होतं. आजरा, गडहिंग्लज, मग हायवे. रात्री साडेदहाला घरी पोचलो.

दुसऱ्या दिवशी वरचा, खालचा आणि हीटरचे दोन, सगळेच होज ऑर्डर केले. एक गेला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे. सोबत पेट्रोलच्या नळ्याही नव्या टाकतोय. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. आईला हे सांगत होतो, तर ती डिकीतून शेवटचे नारळ काढत म्हणाली, "मे महिन्याच्या आत होऊ दे सगळं. आंब्याच्या आठ पेट्या बसतील यात, मी मोजलंय."